नाताळात मांजरीकडेही लक्ष असू द्या



नाताळ जवळ आला. आपल्या वसईच्या गावांत आता दारोदारी तारे लागतील, गोठे सजतील. गोठ्यात पेंढा पसरला की सगळ्यांच्या आधी घरातली मांजर त्यात जाऊन बसते. बसू दे तिला. पण या दिवसांत चार गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, चमकीच्या झिरमिळ्या, रिबिनी आणि दोरा. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. दोरा त्यात अडकला की तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. गेल्या वर्षी आमच्या मनीच्या तोंडातून रिबिनीचं टोक लोंबत होतं. मी ओढायला गेले, तर जाऊबाईंनी हात धरला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं. ओढली असती तर आतडं कापलं गेलं असतं." ऑपरेशन करून रिबीन काढली. मनी वाचली. म्हणून सांगते, दोरा तोंडातून दिसो की मागून, ओढू नका. तशीच दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट, फुलं. पुष्पगुच्छात येणारी मोठ्या पाकळ्यांची सुगंधी लिली मांजरीला विषच. अंगाला लागलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायली, तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मांजर असलेल्या घरात ती लिली आणूच नका. गुलाब, झेंडू चालतील.

तिसरी गोष्ट, ताटातलं उरलंसुरलं. विंदालूत, रश्श्यात कांदा-लसूण असतो. त्याने मांजरीचं रक्त कमी होतं. शिजलेलं हाड फुटून घशात, आतड्यात रुततं. चॉकलेटही नको. सणाचा घास द्यायचाच, तर बिनमसाल्याच्या उकडलेल्या कोंबडीचा, हाड काढून द्या.

चौथी गोष्ट, औषध. मांजर मलूल दिसली म्हणून आपली पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनेही तिचा जीव जाऊ शकतो.

फटाके वाजतील तेव्हा तिला आतल्या खोलीत ठेवा, जुनी गोधडी आणि पाणी द्या.

आणि हो, २५ डिसेंबरला सुट्टी असते. त्या दिवशी कोणते जनावरांचे डॉक्टर भेटतील, ते आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आपल्या गटातल्या बायकांनाही द्या.

तुम्हां सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. नमस्कार!