पिंजऱ्यातील ससा आणि आपली जीवदया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी अधिक अधिकाराने सांगितले आहे. मी व्यवसायाने पशुवैद्य. गेली बावीस वर्षे आपल्या पांजरपोळात माझे येणे-जाणे आहे. तेव्हा मी गोधनाविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मला बोलायचे आहे ते गोठ्यामागच्या भिंतीलगत मांडलेल्या आठ लोखंडी पिंजऱ्यांविषयी. त्यांत सध्या एकोणीस ससे आहेत. ते पिंजरे कोणी करवून घेतले, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर उत्तर आधीच देतो. बारा वर्षांपूर्वी ते माझ्याच सांगण्यावरून तयार झाले. तळाला जाळी ठेवा, म्हणजे लेंड्या खाली पडतील आणि स्वच्छता राहील, हा सल्ला माझा होता. तो चुकीचा होता.

मेघकुमाराची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली आहे. ज्ञाताधर्मकथा सूत्रात ती येते. वनात वणवा पेटला. मेरुप्रभ हत्तीने तयार केलेल्या मोकळ्या मैदानात सारे प्राणी दाटीवाटीने आश्रयाला आले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा चिरडेल, म्हणून हत्तीने तो अडीच दिवस अधांतरी धरला. वणवा शमला, ससा निघून गेला. पाय खाली टेकवू गेलेला हत्ती मात्र कोसळला, आणि पुढे श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार म्हणून जन्मास आला. या कथेत आपण नेहमी हत्तीकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. एकदा सशाकडेही पाहू. हत्तीच्या पावलाएवढी जागा त्याला पुरली, कारण बाहेर आग होती. आग विझताच तो निघून गेला. आपल्या पिंजऱ्यातल्या सशाला आपण जवळजवळ तेवढीच जागा दिली आहे, आणि ती अडीच दिवसांसाठी नव्हे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो.

भगवान नेमिनाथांच्या वरातीचा प्रसंगही आपल्याला मुखोद्गत आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात त्या प्राण्यांना वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले जातात, त्यांत ताडन, छेदन, अतिभार, अन्नपाण्याचा निरोध यांच्याबरोबर बंध, म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणे, हाही आहे. अन्नपाण्याच्या बाबतीत आपली संस्था कधी चुकली नाही. बंधाच्या बाबतीत मात्र आपले लक्ष गेले नाही. माझे तर नाहीच गेले.

आता सशाविषयी. आपल्या माळरानावर दिसणारा रानससा आणि दुकानात मिळणारा पांढरा ससा ही दोन वेगळी जनावरे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपला रानससा बीळ करीत नाही, उघड्यावर झुडपाच्या आडोशाला बसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचे त्याला संरक्षण असल्याने त्याला पाळता येत नाही. पांढरा ससा मूळचा युरोपातला, जमिनीत बिळे खणून कळपाने राहणारा. पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ राहूनही खणणे, धावणे, लपणे आणि सोबत्याच्या अंगाला अंग लावून बसणे या त्याच्या गरजा गेलेल्या नाहीत. आनंदात असलेला ससा धावता धावता उंच उडी घेतो आणि हवेतच अंगाला पीळ देतो. आपल्या पिंजऱ्यांत बारा वर्षांत मी असे एकदाही पाहिले नाही. उडी मारील कशी? मागच्या पायांवर उभे राहून कान ताठ करण्याइतकी उंचीही तेथे नाही.

जाळीचे सांगतो. कुत्र्या-मांजराच्या पायाला गादी असते, सशाच्या तळव्याला केवळ केसांचे आवरण. तारेवर सतत बसून ते केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. गेल्या भाद्रपदात मी एकोणीसच्या एकोणीस ससे उलटे करून पाहिले. अकरांचे तळवे सोललेले होते. त्यांतला एकही कधी ओरडला नव्हता. ससा हे शिकारीला बळी पडणारे जनावर असल्याने वेदना लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. तो किंचाळतो ते केवळ परमावधीच्या भीतीने. म्हणून ‘शांत बसलाय, सुखात आहे’ हे आपले अनुमान फार धोक्याचे ठरते.

आहाराविषयी भगिनीवर्गाला विशेष विनंती. रविवारी मुलांना घेऊन आपण येता आणि प्रेमाने गाजर, बिस्किटे, पोळी, फुटाणे घालता. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर. ते झिजण्यासाठी त्याला दिवसभर गवत चघळावे लागते. त्याच्या आहारात चार-पंचमांशाहून अधिक वाटा गवताचा, हिरव्या किंवा वाळलेल्या, असावा. गाजर गोड असते, ते एखादा तुकडा पुरे. मेथी, कोथिंबीर थोडी चालते. पीठ आणि साखर यांनी त्याचे आतडे मंदावते, आणि सशाला उलटी करता येत नाही. ज्या सशाने दिवसभर तोंडाला काही लावले नाही, तो सकाळपर्यंत थांबण्यासारखा रुग्ण नाही, मला रात्री उठवा. तसेच ससा स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसला तर त्याला हुसकू नका. तो त्याच्या पचनाचाच भाग असून त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. मुलांना एवढेच शिकवा की कान धरून ससा उचलायचा नसतो. धडपडताना मागच्या पायांच्या जोरदार झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो.

उन्हाळ्याचा विषय मला टाळावासा वाटत होता. सशाला घाम येत नाही, अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तीस अंशांपुढे त्याला त्रास होऊ लागतो. आपल्या पिंजऱ्यांवर पत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात एका दुपारी चार ससे गेले. नोंदवहीत कारणापुढे ‘नैसर्गिक’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.

एक नाजूक गोष्ट बोलतो, राग मानू नये. पर्युषणात आणि महावीर जयंतीला अभयदान म्हणून काही कुटुंबे बाजारातून ससे विकत घेऊन पांजरपोळात सोडतात. कोणी टेकडीवर सोडून येतात. भाव निर्मळ आहे, त्याविषयी मला शंका नाही. परंतु टेकडीवर सोडलेला पांढरा ससा कुत्री, मुंगूस, घार यांच्यापुढे फार काळ टिकत नाही. आणि विक्रेत्याच्या हाती आपण दिलेले पैसे म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी. मादी एकतीस दिवसांत विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. आपण एक सोडवतो, तेवढ्यात त्याच्या जागी नवे जन्माला घातले जातात. ज्यांना अभयदान करायचे आहे त्यांनी तीच रक्कम येथे असलेल्या सशांच्या जागेसाठी द्यावी.

नसबंदीविषयी आपल्यात मतभेद आहेत. शस्त्रक्रिया म्हणजे छेदन, असे काही ज्येष्ठ श्रावकांचे म्हणणे आहे आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. नर आणि माद्या वेगळ्या ठेवणे हा मार्ग आहे, पण वयात आलेले नर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. मग प्रत्येकाला एकटे कोंडावे लागते. माझे मत नरांची शस्त्रक्रिया करावी असे आहे. महाराज साहेबांपुढे हा विषय ठेवून निर्णय व्हावा.

जगात याविषयी काय चालले आहे? ऑस्ट्रियाने मांसासाठीच्या ससेपालनात २०१२ पासून पिंजरे बंद केले. युरोपात पिंजऱ्यांविरुद्धच्या निवेदनावर सुमारे चौदा लाख नागरिकांनी सह्या केल्या, २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने बंदीचा प्रस्ताव आणण्याचे आश्वासन दिले, आणि २०२३ अखेरची त्याची मुदत तशीच टळली. आपल्याकडे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली. सशाच्या डोळ्यात द्रव्य घालून पाहण्याची पद्धत त्यातलीच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे कलम ११ नुसार गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या कलमाच्या मोजमापाने आपले आठही पिंजरे नापास होतील, हे अध्यक्षांना मी खासगीत सांगितले होते. त्यांनीच ते येथे बोलायला सांगितले, याबद्दल त्यांचे आभार.

आता योजना. ब्रिटनमधील एक ससे-कल्याण संस्था दोन सशांसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा किमान मानते. गोठ्यामागे कडुनिंबाखाली याहून पुष्कळ मोठी जागा पडून आहे. तेथे मातीचे अंगण करावे. जाळी तळाला नको, ती चारही बाजूंना आणि वर हवी, आणि जमिनीत दीड-दोन फूट गाडलेली असावी. त्यामुळे ससे खणून बाहेर जाणार नाहीत, आणि मुंगूस-कुत्री आत येणार नाहीत. आडवी ठेवलेली मोठी मडकी लपायला उत्तम. उन्हाळ्यात ओले गोणपाट आणि गारव्याला मातीचे माठ पुरतात. एकूण खर्च गवळीवाड्याच्या नव्या फरशीपेक्षा कमी आहे, मी हिशेब केला आहे.

गेल्या महिन्यात प्रयोग म्हणून एका म्हाताऱ्या मादीला त्या झाडाखाली, तात्पुरत्या कुंपणात, मातीवर ठेवले. पाऊण तास ती जागची हलली नाही. पिंजऱ्याएवढ्या अंतरातच पुढे-मागे मान करीत बसली. मला वाटले, उशीर झाला. मग तिने पुढच्या पायाने माती उकरली, थांबली, पुन्हा उकरली. संध्याकाळी राखणदाराने तिला पिंजऱ्यात ठेवायला उचलले तेव्हा ती प्रथमच त्याच्या हातातून सुटायला धडपडली. त्याने मला दूरध्वनी करून विचारले, ‘डॉक्टरसाहेब, हिला आज इथेच राहू देऊ का?’ रात्रभर तो तिच्याजवळ बसून होता.

अंगण चैत्रापूर्वी व्हायला हवे. ज्यांच्या शेतात गवत आहे त्यांनी बाहेर ठेवलेल्या वहीत नाव आणि पेंढ्यांची संख्या लिहावी. जय जिनेंद्र.