कोंबडी कोणाची?

(बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत 'स्त्रिया आणि उपजीविका' असा भारदस्त विषय छापलाय. मी बोलणार आहे कोंबडीवर. हसू नका. नंदुरबारकडच्या ज्या पाड्यांवर आम्ही काम करतो, तिथे बहुतेक बायकांच्या नावावर जमीन नाही, घर नाही. बैल नवऱ्याचे. पण खुराडं तिचं. अंडी विकून तेलमीठ आणि पोरीची वही, तलंग विकून दवाखाना. ह्या पैशासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

म्हणूनच ह्यात सुधारणा करायला जाताना जपून. पहिली चूक माझीच सांगते. काही वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत मी गिरिराजाची तीनशे पिलं आणून घरोघर वाटली. गिरिराजा बंगलोरची, वनराजा हैदराबादची. दोन्ही परसासाठीच तयार केलेल्या जाती. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ह्या शंभराच्या वर देतात. कागदावर हिशेब सुंदर होता. आठवड्यात निम्मी पिलं गारठून मेली. एक आजी म्हणाल्या, "बाई, पिलं आणलीस, त्यांची आई कुठाय?"

खरंच कुठे होती? पहिल्या आठवड्यात पिलाला साधारण ३५ अंश ऊब लागते. दिवा लावला तर पिलंच सांगतात: दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवली की थंडी वाजतेय, लांब पळाली की उकडतंय. पण रात्री वीज गेली की दिव्याचा काय उपयोग? गावठी कोंबडी पंखाखाली घेते. ह्या सुधारित जाती अंडी भरपूर देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे दरवेळी पिलं विकत आणायची. जे साधन बाईच्या हातात होतं, ते पिलं विकणाऱ्याच्या हातात गेलं. अंडी घरीच उबवली तरी पुढच्या पिढीत तो गुण तसाच उतरत नाही.

कडकनाथचंही ऐका. झाबुआची ही काळी कोंबडी; २०१८मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जात अस्सल आहे, पण तीही उबवायला आळशी. आणि तिच्या नावाने करार करून २०१९मध्ये आपल्याच राज्यात कितीतरी शेतकरी फसले. 'अंडी आम्हीच महाग घेऊ' म्हणणारा आला की आधी विचारा, तुम्ही ती कुणाला विकणार?

आता आमच्या बायका काय करतात? गावठी कोंबड्या मोडत नाहीत. चार सुधारित ठेवल्या तर त्या अंडी विकण्यासाठी. कडकनाथची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, आणि कोंबडी रात्रीच बसवायची म्हणजे ती उठत नाही. सातव्या रात्री बॅटरीपुढे अंडं धरून बघायचं. लाल शिरा दिसल्या नाहीत तर काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिलं. ज्या बाईकडे कोंबडी नाही, तिला दुसरीने अर्धलीने द्यायची, ही तर जुनीच रीत. आमच्या प्रकल्प-अहवालात ती कुठेच नव्हती.

खरा शत्रू मानमोडी. एका वाऱ्यात अख्खा पाडा साफ. लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, महिन्याने पुन्हा, आठव्या आठवड्याला आर-टू-बी. पण कुपी शंभर किंवा जास्त डोसांची. ती बर्फात आणायची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. दहा कोंबड्यांच्या बाईने एकटीने काय करायचं? इथे गट लागतो. सगळ्यांनी एकाच पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी. आमच्याकडे दोन मुली शिकल्यात, कोंबडीमागे थोडे पैसे घेतात.

नवापुरात २००६मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारल्या. २००६मध्ये तर आसपासच्या घरच्या कोंबड्याही गेल्या. भरपाईसाठी यादी लागते. आपल्या बायकांच्या कोंबड्यांची यादी कुणाकडे आहे? गटाच्या वहीत लिहायला लागा, बाईच्या नावासकट.

नावावरून शेवटचं. एका योजनेत आमच्या गटातल्या एकीला शेड आणि पन्नास कोंबड्या मंजूर झाल्या. जागेचा उतारा नवऱ्याचा, म्हणून अर्ज त्याच्या नावाने. मीच भरून दिला, लवकर होईल म्हणून. पाणी, दाणा, शेण काढणं तिचंच राहिलं. वर्षभराने ती म्हणाली, "ताई, आधी बारा होत्या, त्या माझ्या होत्या. आता पन्नास आहेत, आणि पाहुणा आला तरी अंडं घ्यायला विचारावं लागतं."

तेव्हा पुढचे अर्ज भरण्याआधी कचेरीत विचारा, नवऱ्याचं संमतीपत्र जोडून बाईच्या नावाने अर्ज चालतो का. नाही म्हणाले तर ते लेखी मागा. पैसे तिच्या एकटीच्या खात्यात, जोडखात्यात नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.