आगगाडींतून पाहिलेला युरोप



बत्तीस वर्षें मीं एका खेड्यांतल्या शाळेंत भूगोल शिकविला. भिंतीवर युरोपचा नकाशा टांगावयाचा, छडीच्या टोंकानें आल्प्स पर्वत दाखवावयाचा, र्‍हाईन नदी कोठें उगम पावते आणि कोठें समुद्रास मिळते तें मुलांकडून घोकून घ्यावयाचें, असा माझा क्रम होता. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि प्रवास म्हणाल तर मुंबईस चारदोन वेळां गेलों असेन तेवढाच. निवृत्तीनंतर गांठीस असलेल्या पैशांतून एकदां तो नकाशा प्रत्यक्ष पाहावा असें मनानें घेतलें, आणि २०१९ सालच्या मे महिन्यांत आम्ही पतिपत्नी निघालों. सहली नेणार्‍या मंडळींबरोबर जाण्यास आमच्या सौभाग्यवतीनें साफ नकार दिला. "ते मोटारींत कोंबून पळवतात. आपण आगगाडीनें जाऊं, खिडकीशीं बसूं," असें तिचें म्हणणें. तिचें शिक्षण चौथीपर्यंत. रोमन अक्षरें तिला वाचतां येत नाहींत. हें आधींच सांगून ठेवतों, कारण पुढें त्याचा संबंध येणार आहे.

पॅरिसविषयीं मी फारसें बोलणार नाहीं. त्या नगरीचें वर्णन करणारे पुष्कळ झाले. पण १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें उभारलेलें 'गार द लियों' हें स्थानक आणि त्याचा उंच घड्याळाचा मनोरा आम्हांस राजवाड्यांपेक्षां अधिक आवडला. तेथून झुरिक सुमारें चार तासांचें. गाडी इतकी वेगानें धांवते कीं जवळचें कांहीं दिसत नाहीं. दूरचीं शेतें मात्र सावकाश फिरत राहतात.

स्वित्झर्लंडमध्यें जें घडलें तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे मीं हें भाषण पत्करलें. जंक्शनाचें नांव सांगत नाहीं. दोष त्याचा नव्हता, माझा होता. एका तलावाकांठच्या गांवीं जाण्यास आम्ही निघालों होतों. त्या देशांत कांहीं गाड्या वाटेंत दुभंगतात, म्हणजे पुढचे डबे एका दिशेस जातात, मागचे दुसर्‍या. प्रत्येक भागावर त्याच्या शेवटच्या स्थानकाचें नांव झळकत असतें. मीं तिकडे पाहिलेंच नाहीं. सौभाग्यवतीनें पाहिलें. रोज सकाळीं त्या दिवसाच्या गांवाचें नांव ती मला एका चिठ्ठीवर लिहावयास लावी आणि पाटीवरचें अक्षर न् अक्षर चिठ्ठीशीं ताडून पाही. जसें आपण रांगोळीचे ठिपके जुळवितों, तसें. ती म्हणाली, "अहो, चिठ्ठींत दुसरें अक्षर वाटोळें आहे. इथें तसें नाहीं." मीं म्हटलें, "गाडी एकच आहे. बत्तीस वर्षें मी भूगोल शिकवीत आलों, तूं मला शिकवूं नकोस."

जंक्शनावर गाडी थांबली तशी ती पिशवी घेऊन उतरली. "पुढच्या डब्यांवर चिठ्ठीसारखीं अक्षरें आहेत," एवढेंच बोलली. मी हट्टानें बसून राहिलों. येईल परत, असें मनाशीं म्हणालों. इतक्यांत पुढचा भाग सुटून निघून गेला, आणि मी उठून दारापाशीं पोंचतों तों दार बंद झालें होतें आणि माझे डबे हलले होते. फलाटावरील घड्याळाखालीं हिरव्या लुगड्यांतली ती उभी दिसली. मग दिसेनाशी झाली.

पारपत्रें, पैसे, भ्रमणध्वनि हीं सारीं माझ्याजवळ. माझ्या मधुमेहाच्या गोळ्या व शिदोरी तिच्या पिशवींत. तिला तिकडची एकहि भाषा येत नाहीं. पुढच्या स्थानकावर उतरलों, तों परत जाणारी गाडी पन्नास मिनिटांनीं होती. मीं आमच्या तालुक्याच्या गांवींसुद्धां तिला कधीं एकटी फलाटावर सोडली नव्हती. त्या पन्नास मिनिटांत मला आठवलें कीं अडतीस वर्षांच्या संसारांत घराबाहेर कोठें जावयाचें, कोणत्या गाडीनें जावयाचें हें तिला मीं एकदांहि विचारलेलें नव्हतें. घाम फुटला होता. तो मधुमेहाचा कीं भयाचा, तें समजत नव्हतें.

परतलों तेव्हां ती त्याच घड्याळाखालच्या बांकावर बसली होती. शेजारीं तेथलीच एक वृद्ध बाई, आणि दोघी मिळून आमचे शेंगदाण्याचे लाडू खात होत्या. मला पाहून ती म्हणाली, "गोळीची वेळ टळून गेली. आधीं घ्या." मीं गोळी घेतली. नंतर विचारलें, "तूं पुढच्या डब्यांत कां बसली नाहींस? गाडी तर तीच बरोबर होती." ती म्हणाली, "तुम्ही नव्हतां ना तींत." आणि थोड्या वेळानें, "हें घड्याळ पाहा. त्याचा तांबडा कांटा दर फेरीला वर येऊन जरासा थांबतो. मीं मोजलें."

तिचें निरीक्षण अगदीं खरें होतें. हें घड्याळ हान्स हिल्फिकर या अभियंत्यानें १९४४ सालीं आंखलें. तांबडा सेकंदकांटा १९५३ सालीं बसविला. तो सुमारें साडेअठ्ठावन सेकंदांत फेरी पुरी करतो आणि मुख्य घड्याळाकडून विजेचा इषारा येईपर्यंत माथ्यावर थबकतो, म्हणजे सगळ्या स्थानकांवर मिनिट एकदमच बदलतें.

त्या दिवसापासून कोणत्या डब्यांत चढावयाचें तें तिनेंच ठरविलें.

इटलींत उतरण्यासाठीं आम्ही गोट्टार्डचा जुना डोंगरी मार्ग मुद्दाम निवडला. २०१६ सालीं उघडलेला ५७ किलोमीटरांचा नवा बोगदा जगांतील सर्वांत लांब आगगाडीचा बोगदा आहे खरा, पण तींतून अंधारावांचून काय दिसणार? जुन्या मार्गावर वासेन नांवाचें गांव लागतें. गाडी डोंगराच्या पोटांत वळसे घेत चढते, त्यामुळें तेथलें पांढरें देऊळ एकदां डोक्यावर, एकदां समोर आणि एकदां पायांखालीं दिसतें. "देवळाला प्रदक्षिणा घालतेय गाडी," सौभाग्यवती म्हणाली. माझ्या बत्तीस वर्षांच्या शिकवणींत हें वाक्य कधीं सुचलें नाहीं. पुढचा पंधरा किलोमीटरांचा बोगदा १८८२ सालीं खुला झाला. त्याचा कंत्राटदार लुई फाव्र १८७९ सालीं बोगद्याच्या आंतच मृत्यु पावला, आणि सुमारें दोनशें मजूर त्या कामीं खर्ची पडले.

मिलानचें १९३१ सालीं उघडलेलें स्थानक भव्य आहे. मला तें अंगावर आल्यासारखें वाटलें. त्याच्या तळाशीं, जेथें पूर्वीं टपालाचे डबे भरीत, तेथें आतां स्मारक आहे. ३० जानेवारी १९४४ रोजीं सहाशेंहून अधिक ज्यू माणसें तेथें मालडब्यांत भरून, ते डबे यंत्रानें वर रुळांवर चढवून, आउश्वित्सला पाठविलीं. परत आलीं तीं अगदीं थोडीं. प्रवेशद्वाराशीं भिंतीवर एकच शब्द कोरलेला आहे. त्याचा अर्थ उदासीनता. सौभाग्यवतीनें तो चिठ्ठीवर उतरून घेतला. कशासाठीं, तें मीं विचारलें नाहीं.

व्हेनिसला दोन दिवस राहिलों. गर्दी फार. तेथून व्हिएन्नास जातांना सेमरिंगचा घाट लागतो. १८५४ सालीं पुरा झालेला हा मार्ग कार्ल फॉन गेगा या अभियंत्याचा, आणि गेगाचा जन्म व्हेनिसचाच! काम सुरू झालें तेव्हां असा चढ चढणारें इंजिनहि अस्तित्वांत नव्हतें. रूळ आधीं आंखले, इंजिन मागाहून. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनीं, १८६३ सालीं झाला. हें सांगतांना मीं तिला अ‍ॅलिस ट्रेडवेलची हकीकत सांगितली. तिचा नवरा सॉलोमन बोरघाटाचें कंत्राट घेऊन १८५९ सालीं आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. कंत्राट तिनें आपल्याकडे घेतलें आणि व्यवस्थापक नेमून घाट पुरा करविला. तेथें हजारों मजूर पटकीनें व अपघातांनीं मेले, हेंहि सांगितलें. ती बराच वेळ पुलांच्या कमानींकडे पाहत होती. मग म्हणाली, "आपण बोरघाट रात्रींच्या गाडीनेंच उतरलों. पाहिला कुठें?"

म्हणून मुंबईस उतरल्यावर आम्ही मुद्दाम सकाळची पुण्याची गाडी धरली. कर्जतला मागून इंजिनें जोडीत होते. ती खिडकींतून वांकून पाहत होती. मीं गमतीनें चिठ्ठी मागितली.

"इथल्या पाट्या मला वाचतां येतात," ती म्हणाली.