आक्रमक कोणाला म्हणायचं?



विधी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मला आज निकोलाए तितुलेस्कू यांच्याविषयी बोलायचं आहे. १८८२ साली रुमानियातल्या क्रायोव्हात त्यांचा जन्म झाला. पॅरिसला कायदा शिकले, परत येऊन कायदाच शिकवला. १९१२ मध्ये संसदेत गेले. पुढे अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले. १९३० आणि १९३१, अशी लागोपाठ दोन वर्षं ते राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष होते.

पण पदांपेक्षा मला मोठं वाटतं ते त्यांचं १९३३ सालचं काम. त्याआधी दोनच वर्षं जपानने मांचुरियात सैन्य घुसवलं होतं आणि त्याला स्वसंरक्षण म्हटलं होतं. मग आक्रमक ठरवायचा कसा? ३ जुलै १९३३ रोजी लंडनमध्ये आठ देशांनी करार करून याचं उत्तर लिहून ठेवलं. जो आधी युद्ध पुकारेल, दुसऱ्याच्या हद्दीत सैन्य घालेल, बंदरांची नाकेबंदी करेल, सशस्त्र टोळ्यांना पाठबळ देईल, तो आक्रमक. राजकीय, लष्करी, आर्थिक, कोणतीही सबब चालणार नाही. सोव्हिएत रशियातर्फे लित्विनोव्ह यांनी सही केली, रुमानियातर्फे तितुलेस्कूंनी. मुलांनो, पळवाटा बुजवणारा मसुदा लिहिणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको!

३० जून १९३६. इटलीने गिळलेल्या इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभागृहात बोलायला उभे राहिले आणि इटालियन पत्रकार शिट्ट्या मारू लागले. तेव्हा तितुलेस्कू ओरडले, "या रानटी लोकांना बाहेर काढा!" त्या सभागृहातलं हे सर्वांत सरळ वाक्य, असं मी मानतो. दोनच महिन्यांनी, ते परदेशात असताना, रुमानियाचा राजा कॅरोल याने त्यांना मंत्रिमंडळातून वगळलं. १९३३ च्या करारावर सही केलेल्या सोव्हिएत रशियानेच १९४० मध्ये धमकी देऊन रुमानियाचा बेसारेबिया घेतला. १७ मार्च १९४१ रोजी फ्रान्समधल्या कान इथे तितुलेस्कू वारले.

करार पायदळी तुडवला गेला, तरी त्यातले शब्द टिकले. १४ डिसेंबर १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक ३३१४ संमत करून आक्रमणाची व्याख्या केली. कोणतीही सबब चालणार नाही, हे त्याच्या पाचव्या कलमात आहे. सुट्टीत तो ठराव आणि १९३३ चा करार शेजारी ठेवून वाचा, एवढंच तुमच्याकडे मागतो.