नृत्यवेषावरील कापडी फूल

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव निघाले की शहरवासी माणसाच्या डोळ्यांपुढे साग, बांबू आणि वाघ उभे राहतात. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला. तोपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. येथील अरण्यानेच या मुलखाला व शेजारच्या भंडारा-गोंदिया भागाला ‘झाडीपट्टी’ हे नाव दिले. परंतु याच झाडीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. धान घरी येत असते, गावोगाव मंडई भरते, शंकरपटाच्या निमित्ताने पैपाहुणे जमतात, आणि रात्री जेवणे उरकून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत जागचा हलत नाही. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे होय.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आहे. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. घरातील लुगडे नेसून, हाती लागेल त्या अलंकाराने नटून ते नाचत. पुढे नाटकांत स्त्रिया काम करू लागल्या, नागपूरसारख्या शहरांतून नट्या येऊ लागल्या, कथानकात लावणी व इतर नृत्ये आली, आणि वेषाची मागणीही वाढली. अशा वेषाच्या कमरेवर, खांद्यावर किंवा केसांत शोभणारी एक लहानशी वस्तू म्हणजे कापडाचे फूल. मुलींच्या वेण्यांवर रिबिनीचे जे फूल बांधतात, त्याचेच हे थोरले भावंड. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री शहरातील गृहिणीलाही हेच फूल करावे लागते, म्हणून त्याची रीत नीट समजून घेणे उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, वेणीचे फूल बांधावयाचे असते, तर नाचाचे फूल शिवावयाचे असते. बांधलेली गाठ ही ओढीवर टिकते. नाचणाऱ्या अंगाची ओढ क्षणाक्षणाला बदलते. गिरकीत ती वाढते, थांबताच ढिली पडते, आणि अशा दहा-वीस हिसक्यांनी घट्ट गाठही सैल होते. सुटलेली रिबीन पायाखाली आली, तर अनवाणी नर्तकी घसरून पडते. ती घुंगरांत अडकली, तर ताल चुकतो. सेफ्टीपिनेने फूल टोचावे, तर पीन उघडून अंगात रुतण्याचे भय असते. ज्या कलावंताची वर्षाची बरीचशी कमाई चार-पाच महिन्यांच्या हंगामावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने मुरगळलेला घोटा ही क्षुल्लक बाब नव्हे.

आता कापड. साटीन चमकते खरे, पण ते निसरडे असते व त्याच्या कडेचे धागे लवकर निघतात. मलमल मऊ असल्याने मान टाकते. खळ देऊन तिला ताठ करावे, तर थंडीच्या रात्री उघड्यावर दहिवर पडते आणि मध्यरात्रीपर्यंत खळ नरमते. म्हणून फुलाचा ताठपणा खळीवर सोपवू नये. आत पातळ कॅनव्हासची पट्टी घालावी. या मुलखाचे स्वतःचे कापड कोसा आहे. आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजाची कुटुंबे ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे किडे वाढवितात, आणि त्यांच्या कोशांच्या सुतापासून कोसा विणला जातो. त्याला अंगचाच थोडा ताठपणा असतो. तो महाग असल्याने फुलासाठी नवे कापड फाडण्याचे कारण नाही. शिवणातून उरलेल्या पट्ट्या पुरतात.

सहा इंच रुंदीचे फूल करावयाचे असेल, तर तेरा इंच लांब व सात इंच रुंद पट्टी कापावी. सुलट बाजू आत ठेवून ती लांबीत दुमडावी, अर्धा इंच आत टीप घालावी आणि उलटून सुलट करावी. अशी तीन इंच रुंदीची नळी तयार होते. कॅनव्हासची पट्टी तीतच सरकवावी. मग नळीची दोन्ही टोके मागे मध्यावर आणून एक इंच एकमेकांवर चढवावी व शिवावी. आता मध्यभागी दुहेरी दोऱ्याने वरपासून खालपर्यंत धावदोरा घालून तो ओढला की चुण्या पडतात व दोन पाकळ्या फुगतात. त्याच दोऱ्याचे चार वेढे चुण्यांवर देऊन मागे पक्का टाका घ्यावा. शेवटी एक इंच रुंदीची तयार पट्टी मध्यावर गुंडाळून मागे शिवून टाकावी. पाहणाऱ्याला ती गाठ वाटते. प्रत्यक्षात ती केवळ गाठीचे झाकण असते.

खाली सोडावयाचे शेव नेहमी निराळ्या पट्टीचे करावे आणि टोके तिरपी कापून कडा मुडपून शिवाव्या. त्यांची लांबी टेबलावर ठरवू नये. वेष अंगावर घालून नर्तकीला एक गिरकी घेऊ द्यावी, बैठक घेऊ द्यावी. बसताना शेव पायाशी पोचला, तर तो तेवढा कमी करावा. दंडार मशालीच्या व पुढे गॅसबत्तीच्या उजेडात होत असे. आता विजेचे दिवे असले तरी शेवटच्या रांगेतील प्रेक्षक दूरच असतो. त्याला बारीक नक्षी दिसत नाही. वेषाहून स्पष्टपणे निराळा रंग आणि काठाला फिकी किनार असेल, तरच फूल त्याच्यापर्यंत पोचते.

फूल वेषावर लावताना सर्वांत जास्त चूक होते. पातळ कापडावर जड फूल नुसते टाचले, तर टाका टिकतो व कापडच फाटते. म्हणून आतील बाजूस रुपयाएवढे जाड कापडाचे ठिगळ ठेवून त्याच्यासकट टाके घ्यावे. वेष धुवावयाचा असेल, तर ठिगळावर दोन टिचबटने लावावी, म्हणजे फूल काढता-घालता येते.

ही दृष्टी झाडीत नवी नाही. माडिया तरुणांच्या नृत्यवेषात कवड्या, मणी व पिसे असतात. कवडीची पाठ फोडून, तीतून दोरा ओवून ती पट्टीवर शिवून टाकतात. राजुरा-जिवतीच्या बाजूस व पलीकडे आदिलाबादेत राजगोंडांच्या दंडारीत गुसाडी मोरपिसांचा भव्य टोप घालून नाचतात. डोक्यावरील एवढा डोलारा उड्यांनी ढळू नये, यासाठी तो आधी किती कसोशीने बांधावा लागत असेल, हे शिवणकाम जाणणाऱ्याला सांगावयास नको.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे अनेकांचे लक्ष प्रथमच गेले. नटांची नावे फलकावर येतात; फूल शिवणाऱ्या हाताचे नाव तेथे येत नाही, आणि मजुरी ठरविताना ‘एवढ्याशा फुलाला काय लागते’ असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याला कापणी, टीप, चुण्या, शेव आणि ठिगळ इतके लागते. पहाटे प्रयोग आटोपल्यावर वेष पेटीत परत जातो, तेव्हा फूल जागच्या जागी असेल, तर ती मजुरी पुरेपूर फिटली असे समजावे.