काम कोणाचे, ते मृगाआधी ठरवा

संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्याच विषयांवर चार शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी एकच विषय घेतो. कोणत्या कामाला जबाबदार कोण, हे आपल्या पाणी वापर आणि मत्स्य सहकारी संस्थांत आधी ठरत नाही. नुकसान झाल्यावर शोधले जाते.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भात ६,००० हून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा तो व्यवहार होता. पुढे मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे गावमालक, आले. तलावाची पाळ, म्हणजे बांध, फुटली तर मालगुजाराचे धान आधी बुडे, म्हणून गाळ काढायला आणि पाळ चोपायला तो माणसे लावी. लाभ आणि काम एकाच दारात होते. त्या दारात वेठही होती, म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे कारण नाही. मालगुजारी गेली, बरे झाले.

ती गेली मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने. भंडारा तेव्हा त्या राज्यात होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. तलाव या दप्तरातून त्या दप्तरात गेले. मालकी सरकारची झाली, पाण्यावर शेतकऱ्यांचा निस्तार हक्क, म्हणजे वहिवाटीचा वापरहक्क, राहिला, मासोळी मासेमार ढीवर बांधवांच्या संस्थांच्या ठेक्यात गेली, जमिनीची नोंद महसूल खात्याकडे राहिली. हक्क वाटले गेले. कामे वाटली गेली नाहीत. निस्तारवाले म्हणाले, पाणी हक्काचे, मग पट्टी कशाची? सरकारी बाजू म्हणाली, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्या वादात तलावात गाळ साचला आणि काठाला बेशरमाची झुडपे माजली.

आजचे चित्र पाहा. पाऊस लवकर परततो, भारी धान निसवण्यावर असते, शेतकऱ्याला तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, उघडायचे असते. मत्स्य संस्थेला उन्हाळ्यापर्यंत मासोळीपुरते पाणी राखायचे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण तुडुम कोणी, केव्हा आणि कुठल्या पातळीपर्यंत उघडायचे, हे कुठेच लिहिलेले नसते. मग ज्याचे बळ जास्त, त्याचा निर्णय. लोक म्हणतात, हे गावच भांडखोर. गाव भांडखोर नाही, ठराव अपुरा आहे.

तलावापुरतीच ही गोष्ट नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. चौकशी झाली, कारवाई झाली. अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक-भोगवटादारांवर टाकणारा राज्याचा २००६ चा कायदा आहे. पण कायद्यातली जबाबदारी प्रत्येक इमारतीत एका नावापर्यंत उतरवावी लागते, आणि ते काम आगीच्या आधीचे असते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव हवे. तो गावाला गेला तर त्याच्या जागी कोण, हे हवे. खर्च कुठून करायचा आणि जाब कोणाला द्यायचा, हेही हवे. अकरा जणांच्या समितीवर सोपवलेले काम अकराही जण दुसऱ्याचे समजतात. आणि ज्याच्या नावावर काम आहे, त्याच्या हाती अधिकार द्या. पाटकऱ्याने पाट उपसायचा आणि मजुरीसाठी महिनाभर सहीची वाट पाहायची, अशाने पाट उपसला जात नाही. पाटकरी मात्र बदनाम होतो.

पाणी वापर संस्था असेल तिथे सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणीवाटपाचा आणि पट्टी वसुलीचा अधिकार तिच्याकडे दिलेला आहे. ती नसेल तिथे ग्रामसभा आहे. मृग लागण्याआधी शेतकरी, ढीवर संस्था, ग्रामपंचायत आणि सिंचन खात्याचा अभियंता यांनी एका बैठकीत बसावे. पाळीची पाहणी, सांडवा, तुडुम, पाटाची सफाई, बेशरम काढणे, मासोळीसाठी राखायची पातळी, या सहा कामांपुढे सहा नावे लिहावीत. ढीवर संस्थेची सही त्या कागदावर शेतकऱ्यांच्या सहीइतकीच मोलाची माना. तो कागद फाइलमध्ये ठेवू नका, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

या संमेलनात ठराव पुष्कळ होतील. तुम्ही आपल्या गावी जाऊन हा एक ठराव करा, आणि पुढच्या संमेलनाला येताना त्या सहा नावांचा हिशेब घेऊन या. एवढीच अध्यक्ष म्हणून माझी विनंती.