एकाच धाग्याची दोन टोके
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेची दोन चित्रे पाठ्यपुस्तकांतून नेहमी रंगविली जातात. पहिले लोकशाहीच्या विस्ताराचे. मतदानासाठीची मालमत्तेची अट एकेका राज्यातून गळून पडते, साधा शेतकरी आणि कारागीर मतदार बनतो आणि १८२८ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्षपदी निवडून येतो. दुसरे चित्र उद्योगाचे. कालवे खोदले जातात, आगबोटी धावू लागतात, नद्यांच्या काठी गिरण्या उभ्या राहतात. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु याच काळात, याच प्रजासत्ताकात गुलामगिरी पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढली आणि मूलनिवासी जमाती आपल्या भूमीवरून बंदुकीच्या धाकाने उठविल्या गेल्या. या गोष्टी प्रगतीच्या वाटेवरील अपघात होत्या, की त्या प्रगतीचेच अंग होत्या? श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभ कापसापासून करावा लागेल. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. तोपर्यंत आखूड धाग्याच्या कपाशीतील सरकी हाताने वेगळी करताना एका माणसाची दिवसाकाठी जेमतेम पौंडभर रुई निघे. व्हिटनीच्या छोट्या यंत्राने ती पन्नास पौंडांपर्यंत निघू लागली. श्रम वाचविणारे यंत्र आले म्हणजे श्रमिकाचा भार हलका होतो, असा भाबडा समज असतो. येथे नेमके उलटे घडले. सरकी झटपट निघू लागताच कपाशी लावणे अमाप फायद्याचे ठरले. आणि कपाशीची लागवड, खुरपणी व वेचणी करणारे हात तर गुलामांचेच होते. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ती संख्या ४० लाखांच्या घरात गेली. गुलामगिरी आपोआप क्षीण होत जाईल, अशी प्रजासत्ताकाच्या अनेक संस्थापकांची अपेक्षा होती. बाजाराने ती खोटी ठरविली.

१८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, पण देशांतर्गत व्यापार त्यामुळे अधिकच तेजीत आला. व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियानाच्या नव्या कापूस-पट्ट्यात सुमारे १० लाख माणसे नेली गेली. त्यांत असंख्य विकली गेली. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तुटले. लुइझियानातील मळेवाल्यांच्या बँकांनी गुलाम तारण ठेवून कर्जे दिली आणि त्या बँकांसाठी काढलेले रोखे युरोपच्या भांडवल-बाजारात विकले गेले. तेव्हा गुलामगिरीला केवळ जुन्या सरंजामी काळाचा अवशेष समजणे चूक आहे. तिचा हिशोब आधुनिक पतव्यवहाराच्या वह्यांत मांडला जात होता.

या कापसाला जमीन हवी होती, आणि त्या जमिनीवर माणसे राहत होती. चेरोकी जमातीने तर गोऱ्यांच्या ‘सुधारणे’च्या सर्व कसोट्या पार केल्या होत्या. सिक्वोया या त्यांच्यातील प्रतिभावंताने १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेला लिपी दिली. १८२७ साली त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली, १८२८ साली स्वतःचे वृत्तपत्र काढले. त्यांच्यातील श्रीमंतांनी काळे गुलामही बाळगले. ‘सुधारणे’चा तोही धडा त्यांनी गिरविला होता. तरीही १८३० साली जमातींच्या हद्दपारीचा कायदा झाला. १८३२ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या प्रदेशात लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. तो निर्णय कागदावरच राहिला. १८३८ साली लष्कराने सुमारे १६ हजार चेरोकींना गोळा करून मिसिसिपी नदीपलीकडे पाठविले. त्या प्रवासात आणि छावण्यांत जवळपास ४ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. सामान्य माणसाचा कैवारी म्हणून गाजलेल्या अध्यक्षानेच या धोरणाचा पाया घातला होता.

आता उत्तरेकडे वळावे. १८१७ ते १८२५ या काळात न्यूयॉर्क राज्याने ३६३ मैलांचा ईरी कालवा खोदला. हे काम खाजगी भांडवलदाराने केलेले नाही. राज्याने सार्वजनिक पैशातून केले आणि खोदणाऱ्यांत आयरिश मजुरांचा मोठा भरणा होता. बफेलोहून न्यूयॉर्कपर्यंतचे वाहतुकीचे दर टनामागे सुमारे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास उतरले. पश्चिमेचे स्वस्त धान्य पूर्वेला येऊ लागले. न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांना ही स्पर्धा जड जाऊ लागली. आणि घरी सूत काढून, कापड विणून होणारी मिळकत गिरण्यांनी आधीच ओढून नेली होती.

त्याच घरांतील मुली मॅसॅच्युसेट्समधील लॉवेलच्या गिरण्यांत कामाला गेल्या. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर चालणारी ही पहिली गिरणी १८२३ साली सुरू झाली. बोस्टनच्या भांडवलदारांनी मुलींसाठी वसतिगृहे बांधली, शिस्तीचे नियम केले, चर्चला जाणे सक्तीचे केले. आपले गिरणगाव इंग्लंडच्या मँचेस्टरसारखे बकाल नाही, असा त्यांचा अभिमान होता. तथापि कामाचा दिवस बारा-तेरा तासांचा होता. १८३४ साली मालकांनी पगारकपात जाहीर केली, तेव्हा सुमारे ८०० तरुणी काम सोडून रस्त्यावर उतरल्या. तो संप चिरडला गेला. १८३६ साली वसतिगृहाचे दर वाढविले गेले, तेव्हा त्याहून कितीतरी अधिक स्त्रिया बाहेर पडल्या आणि या वेळी दरवाढ बव्हंशी मागे घ्यावी लागली. पुढे १८४५ साली, सारा बॅग्ली यांच्या नेतृत्वाखालील कामगार स्त्रियांच्या संघटनेने दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा केल्या. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे स्त्रियांनी स्वतः साक्षी दिल्या. समितीने गाऱ्हाणी ऐकली आणि उपाय विधिमंडळाच्या हाती नसल्याचा निर्वाळा दिला. मतदानाचा अधिकारच नसलेल्या स्त्रियांना याहून वेगळे उत्तर मिळणे कठीणच होते. त्या राज्यात स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ साल उजाडले.

लॉवेलच्या मागांवर येणारा कापूस दक्षिणेच्या मळ्यांतला, गुलामांनी वेचलेला होता. आणि लॉवेलमध्ये विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचा काही भाग त्याच मळ्यांवरील गुलामांच्या अंगावर जात होता. इतका, की तेथे त्या कापडाला ‘लॉवेल’ असेच नाव पडले. धाग्याच्या एका टोकाला तेरा तास उभी राहणारी शेतकऱ्याची मुलगी होती, दुसऱ्या टोकाला फटक्यांच्या भीतीने कापूस वेचणारी गुलाम स्त्री. मालकांनी हा धागा केव्हाच ओळखला होता. मागांचे धनी आणि चाबकांचे धनी यांच्या युतीवर चार्ल्स समनर यांनी १८४८ साली उघड बोट ठेवले.

श्रमिकांना हा धागा कितपत दिसला? १८२८ साली फिलाडेल्फियात कामगारांचा स्वतंत्र राजकीय पक्ष निघाला. सर्वांच्या मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण आणि कर्जासाठीच्या तुरुंगवासाचे उच्चाटन यांसारख्या मागण्या त्या काळच्या कामगार पक्षांनी मांडल्या. १८३५ साली याच शहरात नदीकाठच्या कोळसा-हमालांपासून सुरू झालेला संप सर्व व्यवसायांत पसरला आणि दहा तासांचा दिवस पदरात पडला. हा विजय लहान नव्हता. पण तीनच वर्षांनी, १८३८ साली, त्याच शहरात गुलामगिरीविरोधकांनी बांधलेले नवे सभागृह जमावाने जाळून टाकले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेने काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला. न्यूयॉर्कने तर १८२१ सालीच गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट सोडून दिली होती आणि काळ्यांसाठी २५० डॉलरची अट कायम ठेवली होती.

अपवाद होते. लॉवेलच्या अनेक गिरणी-कामगार स्त्रियांनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या केल्या. परंतु कामगार पुढाऱ्यांपैकी पुष्कळांना मुक्त झालेला गुलाम हा उद्याचा स्वस्त स्पर्धक वाटे. स्वतःच्या दैन्याला ते ‘मजुरीची गुलामगिरी’ म्हणत. खऱ्या गुलामाच्या बेड्यांबद्दल मात्र मौन पाळत. या मौनाचा लाभ मालकांना झाला. मुली संघटित होऊ लागल्या तसे वेग वाढले, मागांची संख्या वाढली आणि १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंड सोडून आलेले निर्वासित त्यांच्या जागी भरले गेले. हा नवा माणूस परका आहे, धर्माने वेगळा आहे, एवढ्यावरून त्याच्याशी वैर धरणारे कामगार पुन्हा निघालेच.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी दुहेरी संबंध आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. मुंबईत सट्ट्याला उधाण आले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या धनिकांनी त्या युद्धात कापसाचा भाव पाहिला. पुण्यात जोतीराव फुले यांनी त्याच युद्धात आणखी काही पाहिले. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि स्वदेशीयांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. जे फिलाडेल्फियाच्या संघटित कामगारांपैकी बहुतेकांना शेजारच्या गल्लीत दिसले नाही, ते जोतीरावांना हजारो मैलांवरून दिसले.

अमेरिकन कामगारांनी दहा तासांसाठी दाखविलेल्या चिकाटीपुढे नतमस्तकच व्हावे लागेल. पण प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांची यादी वाचताना एक प्रश्न विचारला पाहिजे: या यादीत नसलेल्या कोणाच्या श्रमावर आपले काम उभे आहे? कंत्राटी मजूर, घरकामाला जाणारी बाई, परप्रांतातून आलेला बिगारी, गटारात उतरणारा सफाई कामगार, धरणासाठी गाव सोडावे लागलेला आदिवासी, यांची नावे त्या यादीत नसतील, तर एखादा संप जिंकता येईल. मालकांची युती मात्र अभंग राहील. ती नावे यादीत आणण्याचे काम संथ आहे, कष्टाचे आहे, आणि स्वतःच्याच सभासदांची नाराजी पत्करून करावे लागणारे आहे. कार्यकर्त्याची कसोटी तेथेच लागते.